पुठ्ठा, खळ आणि गोष्ट: बडोद्यातल्या आईबाबांचे आणि आजीआजोबांचे नेहमीचे प्रश्न

दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर आम्ही रविवारी सकाळी मुलांना जमवतो. एक गोष्ट ऐकायची, तिच्यासाठी काहीतरी बनवायचं आणि बनवलेलं हातात धरून तीच गोष्ट दुसऱ्याला सांगायची, एवढाच कार्यक्रम. लोक फोनवर विचारतात, खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना विचारतात, रावपुऱ्यात स्कूटर थांबवून विचारतात. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हा वर्ग क्राफ्टचा आहे की गोष्टींचा?

गोष्टींचा. पुठ्ठा मागाहून येतो.

तोंडी गोष्ट सांगणाऱ्यांनी हाताशी काही ना काही ठेवायची सोय सगळीकडेच केलेली दिसते. कोकणातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथीची पोथी, म्हणजे कथेच्या चित्रांचा गठ्ठा, समोर मांडतात. राजस्थानातला कावडिया भाट लाकडी कावड, म्हणजे चित्रांच्या दारांचं घडीचं देऊळ, पुढ्यात घेऊन तिची दारं उघडत जातो. तिथलाच भोपा, लोकदेव पाबूजीचा गायक-पुजारी, पाबूजीचा फड (चित्रांचा लांब कापडी पट) दोन बांबूंना ताणून बांधतो, आणि ज्या प्रसंगाचं गाणं चालू असेल तेवढंच चित्र त्याची बायको, भोपी, दिवा धरून उजळते. यातलं काहीच शोकेसमध्ये ठेवायला जन्मलेलं नाही. म्हणून आमच्याकडे कसोटी एकच: सांगताना ही वस्तू हाताला काम देते का? दार उघडतं का, चाक फिरतं का, बाहुली लपते का? हात लावला की मोडेल इतकी नाजूक झाली असेल, तर कितीही सुबक असो, आम्ही पुन्हा करायला लावतो. मुलांना त्याचं काही वाटत नाही. आयांना वाटतं.

वय किती हवं?

पाच-सहा वर्षांच्या पुढे कितीही. त्याहून लहान मूल असेल तर ऐकायला जरूर आणा, पण मणी, बिया, गोट्या त्याच्या हाताला लागू देऊ नका. गुंजा तर कुणाच्याच हाताला नकोत. दिसायला लालचुटूक, पण विषारी. कटर दहा वर्षांच्या आतल्या मुलाला आम्ही देत नाही, तोवर कात्रीवर भागतं. आठवी-नववीची मुलं आली तर आम्हाला आनंदच होतो. बिजागऱ्या आणि चाकं यांत त्यांचंच डोकं चालतं.

घरच्या घरी पहिल्यांदा काय करून बघावं?

चिऊकाऊ. गोष्ट सगळ्यांना येते आणि तिच्यात दार आहे.

जाड लग्नपत्रिका घ्या (बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात चार तरी पडलेल्या असतातच). दाराला तीन बाजूंनी काप द्या, चौथी बाजू राहू द्या. त्या चौथ्या बाजूला आतून जुन्या सुती कापडाची पट्टी खळीने चिकटवा. सेलोटेप लावू नका. मूल हे दार दिवसातून पन्नास वेळा उघडणार आहे, आणि टेप दुसऱ्याच दिवशी सुटते. दाराला शर्टाचं बटण शिवलं की कडी झाली. कावळा आइस्क्रीमच्या काडीवर.

आता घरांचं काम. कावळ्याचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, हे नुसतं सांगून भागत नाही, दिसायला हवं. शेणाऐवजी ओल्या मातीचं घर करून एका ताटलीत ठेवा, पूर्ण वाळू देऊ नका. चिऊच्या घराच्या कागदावर पांढरी मेणबत्ती चांगली घासून काढा, कोपरेसुद्धा सोडू नका. गोष्टीत पाऊस आला की मुलाच्या हातात पाण्याचा चमचा द्या. मातीचं घर बसतं, विरघळतं, ताटलीत गढूळ पाणी होतं. मेणाच्या कागदावरून थेंब घरंगळून जातात. इथे मुलं जी गप्प होतात! मग काऊ दार वाजवायला येतो तेव्हा तो का आलाय हे कुणाला सांगावं लागत नाही. "चिऊताई चिऊताई दार उघड", "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते". ही सवालजबाबाची ओळ ऐकणाऱ्यांनी म्हणायची. दार कधी उघडायचं ते मात्र सांगणाराच ठरवणार. एका मुलीने ते शेवटपर्यंत उघडलंच नाही. चालतं.

आमच्याकडे "म्हातारी आणि भोपळा"च हवी असा हट्ट आहे. भोपळा कसा पळवायचा?

फुगा फुगवून त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवा. पाच-सहा थर हवेत. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा नको; पावसाळ्यात याला आठवडा लागतो, थंडीत दोन-तीन दिवसांत होतो. कडक झाला की फुगा फोडा, भोकातून आतल्या बाजूला एकाच जागी शाडूचा लिंबाएवढा गोळा चिकटवून टाका आणि वाळू द्या. वजन एकाच कडेला असल्यामुळे भोपळा उतारावरून सरळ गडगडत नाही. अडखळतो, थबकतो, मग एकदम उडी घेतल्यासारखा पुढे जातो. "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" म्हणायला हाच वेळ मिळतो. अजिबात हलेना तर फळीचा उतार वाढवा.

म्हातारी आत बसलीच पाहिजे असं मुलं म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. भोपळ्याला झाकण कापा, कापडी बिजागरी लावा. लेकीकडून तूपरोटी खाऊन परत येणारी म्हातारी जाताना होती त्याहून जाड करायला विसरू नका. म्हणजे दोन म्हाताऱ्या लागतील.

बडोद्याचं स्वतःचं असं काही आहे का? सगळं राजस्थान-कोकणचंच सांगता.

आहे, आणि ते माहीत नसलेली मराठी घरं खूप आहेत याचं आम्हाला नवल वाटतं.

बडोदा हे माणभट्टांचं गाव. माण म्हणजे मोठ्या पोटाचा, अरुंद तोंडाचा तांब्याचा घडा. भट्ट तो पुढ्यात घेऊन बसतो, बोटांत अंगठ्या घालतो आणि घड्यावर ताल धरत आख्यान गातो, बोलतो, हसवतो, रडवतो. सतराव्या शतकातला आख्यानकवी प्रेमानंद इथलाच. त्याचं "ओखाहरण" गुजराती घरांत चैत्रात म्हणतात. आपल्याकडची उषा-अनिरुद्धाची गोष्ट ती हीच. "नळाख्यान" आणि "सुदामाचरित्र" हीसुद्धा त्याचीच. आपल्या काळापर्यंत ही कला ज्यांनी बडोद्यात गाजती ठेवली ते धार्मिकलाल पंड्या. कीर्तन ऐकत वाढलेल्या आजीला माणभट्ट अर्ध्या तासात आपलासा वाटतो. पूर्वरंग-उत्तररंग नसले तरी सांगण्याची नस तीच.

मुलांसाठी माण करायला तांब्या पुरतो. पितळेचा किंवा स्टीलचा, पण जाड पत्र्याचा, आणि पालथा न घालता सुती चुंबळीवर ठेवायचा. अंगठ्या पडद्याच्या कड्यांच्या. दोन्ही हातांत दोन-दोन. पोटावर वाजवलं की एक आवाज, गळ्याशी वाजवलं की दुसरा. कोणता आवाज कृष्णाचा आणि कोणता सुदाम्याचा हे मुलं पाच मिनिटांत ठरवून टाकतात.

आणि सुदामा निघालाच आहे तर त्याचं फिरतं घर करा, आमच्या वर्गातलं हे सगळ्यात आवडतं काम आहे. मिठाईचं उंच खोकं उभं करा. एका बाजूला झोपडी: केरसुणीच्या काड्यांचं छप्पर, फाटक्या गोणपाटाची भिंत, कलंडलेलं एक मडकं. पाठीमागच्या बाजूला महाल: चॉकलेटचे चमकीचे कागद, टिकल्या, आजीच्या जुन्या साडीच्या जरीचा काठ. खोक्याच्या वरच्या आणि खालच्या झाकणाच्या बरोबर मध्यातून विणायची सुई आरपार घाला आणि ती खालच्या जाड पुठ्ठ्याच्या बैठकीत रोवा. मध्य चुकला तर घर फिरताना लंगडतं, म्हणून आधी कर्णांच्या रेघा मारून घ्या. बस, घर गिरकी घेतं.

खरी मजा याच्या पुढे आहे. घर कधी फिरवायचं? कृष्णाने पोह्यांची मूठ तोंडात टाकली त्या क्षणी फिरवलं, तर ऐकणाऱ्यांना सगळं कळलेलं असतं आणि बिचारा सुदामा मात्र रिकाम्या हाताने, मनात खजील होत वाट चालत असतो. सगळे त्याच्याकडे बघत गालात हसतात. तो गावात येऊन झोपडी शोधायला लागल्यावर फिरवलं, तर त्याच्याबरोबर सगळेच चपापतात. दोन्ही झकास. पण गोष्ट तीच आणि घरही तेच असून ऐकणाऱ्याला भलतंच काहीतरी होतं, हे नऊ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हाताने घर फिरवून कळतं. मोठी माणसं "आता फिरव, आता फिरव" करतात. कृपा करून करू नका.

कावड कशी करायची? नेटवर बघितली, फार अवघड वाटली.

लाकडाची अवघडच. चित्तोडगडजवळच्या बस्सी गावातले सुतार ती पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. पुठ्ठ्याची सोपी आहे: मधे एक खोकं, त्याला दोन्ही बाजूंनी एकात एक दुमडणारी दारं. नालीदार पुठ्ठ्याच्या रेघा उभ्या येतील असा तो कापा, म्हणजे घडी रेघेवरच पडते आणि चुरगळत नाही. उलटा कापलात तर दर घडीला पुठ्ठा तुटेल.

रंग मागाहून. आधी दारांची उघडण्याची रांग ठरवा, कारण कावडीत गोष्टीची चाल म्हणजे दारांची चाल. शेवटचं दार उघडलं की आतल्या गाभाऱ्यात देव दिसतो. भाट मोरपिसाने एकेक चित्र दाखवत पुढे सरकतो. आणि एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात: कावडीवर यजमानांच्या पूर्वजांनाही जागा असते, भाट त्यांची नावं घेतो. म्हणून आमच्याकडे एक दार घरच्या माणसांसाठी राखीव असतं. पणजीचा फोटो असेल तर त्यावरून काढा. नसेल तर आजी सांगेल तशी काढा, नथ कोणत्या बाजूला ते नीट विचारून.

चित्रकथी आणि जपानी कामिशिबाई यांत फरक काय? मुलीला शाळेत "पेपर थिएटर" करायला सांगितलंय.

चित्रकथीत एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एकेक उलटत कथा गायची, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक नावाचं छोटं चर्मवाद्य. रामायण-महाभारतातली आख्यानं. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना या कामासाठी 2021 चा पद्मश्री मिळाला. त्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलंय. कोकणात गेलात तर वाट वाकडी करा.

कामिशिबाई जपानात 1930 च्या दशकात फोफावली. सायकलच्या मागे लाकडी चौकट लावलेला माणूस गल्लीत येऊन लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटायचा. पोरं जमली की आधी गोळ्या विकायचा, मग गोष्ट. टीव्ही आला आणि धंदा बसला.

शाळेसाठी कामिशिबाई सोयीची, कारण मजकूर पाठीमागे लिहिता येतो. पण इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, म्हणून नीट वाचा. पहिलं चित्र प्रेक्षकांसमोर असतं तेव्हा सांगणाऱ्याच्या डोळ्यासमोर गठ्ठ्यातल्या शेवटच्या कार्डाची पाठ असते. म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या कार्डामागे लिहायचा, दुसऱ्याचा पहिल्यामागे, तिसऱ्याचा दुसऱ्यामागे, असं करत जायचं. दाखवून झालेलं कार्ड सरकवून सगळ्यात मागे टाकायचं. चौकटीला मिठाईचं किंवा बुटांचं खोकं चालतं, फक्त कार्ड सरकवायला एक कड पूर्ण उघडी ठेवा.

सावल्यांच्या बाहुल्यांना चामडं लागतं ना?

परंपरेत लागतं. तुम्हाला उत्तरायण पुरेल. 14 आणि 15 जानेवारीनंतर गच्चीवर, झाडांवर, तारांवर फाटके पतंग लटकत असतात. त्यांचा झिरझिरीत कागद उजेडापुढे धरला की रंगीत सावली पडते, जाड ड्रॉइंग शीटची पडते ती काळी. शरीर जाड कागदाचं, त्याला खिडक्या कापून त्यांत पतंगाचा लाल-हिरवा कागद. दांडीला पतंगाच्याच कामट्या. मांजा मात्र तोडून फेकून द्या, काचेचा असतो, बोट कापतो.

पडदा आजोबांच्या जुन्या धोतराचा. दिव्याऐवजी मोबाईलची बॅटरी. बाहुली पडद्याला टेकवली की सावली रेखीव आणि उजेडाकडे नेली की मोठी, धूसर. राक्षस मोठा करायला वेगळी बाहुली लागत नाही.

परदेशातल्या गोष्टी घेता का?

घेतो. घानाच्या अकान लोकांचा अनान्सी कोळी आमच्याकडे फार चालतो. जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेकडे होत्या. त्या मिळवायला अनान्सीने अजगर, बिबट्या आणि गांधीलमाश्या पकडून दिल्या. गांधीलमाश्यांचा प्रसंग मुलांना तोंडपाठ होतो: अनान्सी भोपळ्यातलं पाणी त्यांच्यावर आणि स्वतःवर ओततो, "पाऊस आला, या भोपळ्यात शिरा" म्हणतो आणि तोंड बंद करतो. रिकाम्या बाटलीत मोहरीचे दाणे, बूच लावून हलवलं की माश्या गुणगुणल्या. अनान्सी रबरी दोऱ्यावर लटकता. गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर या गोष्टी समुद्रापलीकडे कॅरिबियन बेटांवर गेल्या, हे थोड्या मोठ्या मुलांना जरूर सांगतो.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये कोचिती पुएब्लो नावाची मूळनिवासी वस्ती आहे. तिथल्या हेलन कोर्देरो यांनी 1964 साली मातीची एक बाहुली घडवली: तोंड उघडं ठेवून गोष्ट सांगणारा माणूस आणि त्याच्या अंगाखांद्यावर चढलेली नातवंडं. त्यांचे आजोबा सान्तियागो किंताना नावाजलेले कथेकरी होते, बाहुली त्यांच्यावरून सुचली. पहिल्या बाहुलीवर पाच मुलं होती.

मग ती बाहुली मुलांनी तशीच करायची का? दुसऱ्यांच्या कलेची नक्कल बरी दिसते का?

तशीच नको. कोर्देरोबाईंनी स्वतःचे आजोबा केले, तुम्ही तुमची आजी करा. नऊवारी किंवा गाऊन, जे घालत असेल ते, चष्मा कपाळावर, एक नातू मांडीवर, एक पाठीवर, एक मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. शाडू पुरेल. शाडू उन्हात वाळवला तर तडकतो, सावलीत ठेवा. मुलं अंगाला चिकटवताना दोन्ही बाजू सुईने खरवडून मातीची पातळ राड लावा, नाहीतर वाळल्यावर नातवंडं टपाटप पडतात.

पिठोरा या भिंतीवरच्या चित्रांबाबत आम्ही जास्त कडक आहोत. छोटा उदेपूर भागातले राठवा आदिवासी बाबा पिठोराचे घोडे घराच्या ओसरीच्या भिंतीवर काढवतात ते नवस फेडायला. चित्र पुरं झालं की बडवो, म्हणजे त्यांचा पुजारी, त्यातली एकेक आकृती ओळखून सांगतो, तेव्हा कुठे ते पूर्ण मानतात. ती देवाची भिंत आहे. शाळेच्या फाटकावर "ट्रायबल डेकोरेशन" म्हणून ती रंगवलेली बघितली की आम्हाला कसंसंच होतं. मुलांना आम्ही ती गोष्ट सांगतो, जमलं तर तेजगढच्या आदिवासी अकादमीला आणि तिथल्या "वाचा" संग्रहालयात घेऊन जातो, आणि मग मुलं स्वतःच्या भिंतीवर स्वतःच्या गल्लीतली जनावरं काढतात. मांडवीच्या गाई पुष्कळ आहेत.

मुलं गुजराती आणि इंग्रजीत विचार करतात. मराठीत गोष्ट सांगताना अडतात. काय करावं?

अडू द्या, हसू मात्र नका. पुन्हा पुन्हा येणारी ओळ मराठीत ठेवा, बाकीचं हवं तसं येऊ द्या. "काऊ आला ने, पछी एणे डोअर नॉक केलं" असं वाक्य आमच्या ओसरीवर दर रविवारी ऐकू येतं आणि त्यावर कुणी भुवई उंचावत नाही. बोलायलाच तयार नसलेल्या मुलाला दार उघडायचं किंवा माण वाजवायचं काम द्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी सांगणारा चुकला की तेच मूल आतून ओरडतं, "असं नाही!"

गोष्टी आणायच्या कुठून? आम्हाला कुठे येतात गोष्टी!

येतात. तुमचं घर बडोद्यात कसं आलं, ही एक झाली. 1734 मध्ये बडोदं कायमचं गायकवाडांकडे आलं, तेव्हापासून कुणी फौजेबरोबर, कुणी कारकुनीला, कुणी गाण्यासाठी, कुणी लग्न होऊन इथे येतच राहिलं. घरोघरी त्याची एक तरी सुरस कहाणी असते, थोडी तिखटमीठ लावलेली.

तिच्यासाठी आम्ही काँगोतल्या लुबा लोकांची लुकासा वापरतो. हातात मावेल एवढी लाकडी पाटी, तिच्यावर मणी आणि शिंपले जडवलेले. म्बुद्ये नावाच्या मंडळातले जाणते लोक त्यावरून बोट फिरवत राजांची नावं, स्थलांतरं, जुन्या घटना सांगत. एकाच पाटीवरून दोन जाणकार प्रसंग बघून वेगवेगळं सांगू शकत. आपल्याला जाड पुठ्ठा, डाळी, मणी, बटणं. मोठा निळा मणी नर्मदा, काळी बटणं रेल्वे, कवडी पणजोबांचं मूळ गाव. मूल डोळे मिटून बोट फिरवतं आणि सांगतं. आत्याबाई आल्या की त्याच पाटीवरून भलतीच कहाणी निघते आणि घरात जुंपते. त्याला आमचा इलाज नाही.

सयाजीरावांची गोष्टही आहेच. 1875 साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेण्याआधी मुलांना विचारलं म्हणतात, "इथे कशाला आलात?" कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव, म्हणजे पुढचे सयाजीराव, म्हणाला, "राज्य करायला." बाकीची मुलं काय म्हणाली, हे दर घरात वेगळं सांगतात, तुमच्या मुलांनाच ठरवू द्या. याला कामिशिबाईची पाच कार्डं पुरतात.

खळ कशी शिजवायची?

एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. चिमूटभर तुरटी घाला. बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलांच्या कामात तो अजिबात नको, विषारी आहे. चिंचोक्याची खळ याहून चिवट होते, पण चिंचोके भाजून, सोलून, दळायला उत्साह हवा. लाकूड-पुठ्ठा जोडायला फेव्हिकॉल वापरा, तिथे खळीचा हट्ट नको.

थर्मोकोल चालेल का?

नाही.

प्रोजेक्ट उद्या द्यायचाय. तुम्ही करून द्याल का?

तेही नाही. गणपतीनंतर आणि प्रदर्शनाच्या आधी हा फोन हमखास येतो. शाळेत आईबाबांच्या मॉडेलला पहिलं बक्षीस मिळतं आणि मुलाच्या वाकड्यातिकड्या घराकडे कुणी ढुंकून बघत नाही, हे आम्हालाही दिसतं. रात्री नऊ वाजता आठवलं असेल तर बुटांच्या खोक्याचं चिऊचं घर करा आणि मुलाला वर्गात गोष्ट सांगू द्या. दार उघडायला लागलं की परीक्षकही पुढे सरकतात.

साहित्य कुठे मिळतं?

बहुतेक घरातच: मिठाईची खोकी, पत्रिका, बाह्या फाटलेले शर्ट. टिकल्या, लेस, जर, मणी मंगळ बाजारात. पतंगाचा कोरा कागद आणि कामट्या हव्या असतील तर डिसेंबर-जानेवारीत गेंडी गेटकडे. शाडू गणपतीच्या आधी घेऊन डब्यात ठेवा. मोरपीस गळलेलंच घ्यायचं. पावसाळा सरत आला की मोर पिसं टाकतात, गावाकडे कुणाला तरी सांगून ठेवा.

मुलांना बघायला कुठे न्यावं?

रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा सगळ्यात आधी. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. भिंतीभर कृष्णलीला, महाभारत आणि इंग्रज-मराठे लढाया. मुलांना एकच काम द्या: भिंतीवरचा एक प्रसंग निवडायचा आणि त्याच्या आधी काय झालं असेल ते सांगायचं. गायकवाड घराण्याच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात, नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण आणि मीरेचं चरित्र त्यांतच. जाण्याआधी आत सोडतात का ते विचारून घ्या. सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीचा मेळा भरला तर चुकवू नका. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराने त्या मेळ्यासाठी खेळणी केली होती. कमाटी बागेतलं म्युझियम वेगळ्या दिवशी ठेवा, तिथे देवमाशाचा सांगाडा दिसला की गोष्टबिष्ट सगळं बाजूला पडतं.

घरात पसारा साठतो. जुनं झालेलं टाकू का?

टाका, पण शेवटचं एकदा सांगून मग. फाटका-विटका फड भोपेसुद्धा ठेवून देत नाहीत, पुष्करच्या सरोवरात विसर्जन करतात. आम्ही दिवाळीआधी एक दिवस ठेवतो. शाडूची कामं बादलीत विरघळवून ती माती दिवाळीच्या किल्ल्याला, पुठ्ठे रद्दीत, बटणं-मणी परत डब्यात. मूल एखादी वस्तू द्यायला तयार नसेल तर ओढून घेऊ नका.

आजोबांना यायचंय. चालेल का?

चालेल काय, हवेच आहेत. फक्त त्यांना सांगून ठेवा की गोष्ट सांगताना मुलं मधेच तोडतील, आणि "आधी ऐकून घ्या" असं दोनदाच म्हणायची परवानगी आहे. बसायला खुर्ची मिळेल. मुलाबरोबर एक रिकामं खोकं, जुना सुती कपडा, बोथट टोकाची कात्री आणि पाण्याची बाटली पाठवा. वेळ सकाळी नऊची. सेव-उसळ खाऊन याल तर हात धुऊन या, तर्रीचे डाग धोतराच्या पडद्यावरून जात नाहीत.